करंडक महत्त्वाचा की क्लबचे आयुष्य? भारतीय फुटबॉल समर्थकांपुढील जुना प्रश्न

जबलपूर : सर्व बळ एकाच हंगामात पणाला लावून करंडक जिंकावा, की आधी वीस-पंचवीस वर्षे टिकेल असा क्लब उभा करावा, हा फुटबॉल समर्थकांमधील जगभर चालणारा वाद आहे. युरोपात हा वाद बहुधा खेळाडूंच्या खरेदीवरून आणि कर्जावरून होतो. भारतात त्याचे स्वरूप वेगळे आहे. गेल्या पंधरा वर्षांत येथे करंडक जिंकणारे क्लब बंद पडले, तसेच शिस्तीने आणि संयमाने चालवलेले क्लबही बंद पडले. मुंबई, पुणे, गोवा आणि कोल्हापूर या चार ठिकाणांचा अनुभव एकत्र पाहिला, तर स्थैर्य म्हणजे नेमके काय, हे अधिक स्पष्ट होते.

मुंबई : यशाच्या शिखरावरून निरोप

१९६२ मध्ये कंपनीचा संघ म्हणून सुरू झालेला महिंद्रा युनायटेड हा मुंबईचा सर्वांत यशस्वी क्लब मानला जाई. कुपरेज हे त्याचे घरचे मैदान होते. २००५ मध्ये फेडरेशन करंडक आणि २००५-०६ च्या हंगामात राष्ट्रीय फुटबॉल साखळीचे विजेतेपद या संघाने मिळवले. २००८ मध्ये ड्युरँड करंडकही त्याच्याकडे आला. त्यानंतर दोनच वर्षांनी, २०१० मध्ये, व्यवस्थापनाने व्यावसायिक संघ बंद करून शालेय आणि युवा फुटबॉलकडे लक्ष देण्याचा निर्णय जाहीर केला.

हा निर्णय पराभवामुळे झालेला नव्हता. संघ स्पर्धेत होता आणि मालक समूहही सक्षम होता, मात्र प्राधान्य बदलले होते. पुढच्याच वर्षी पंजाबातील फगवाड्याच्या जेसीटी संघानेही गाशा गुंडाळला. १९९६-९७ मधील पहिली राष्ट्रीय साखळी जिंकण्याचा मान याच संघाकडे होता. कंपनीचा संघ कंपनीच्या इच्छेवर चालतो आणि विजेतेपद त्याला दीर्घायुष्याची हमी देत नाही, हे या दोन घटनांतून समोर आले.

पुणे : पाच वर्षांत चार क्लब

करंडकापेक्षा पायाभरणी महत्त्वाची मानणाऱ्या समर्थकांसाठी पुणे एफसी हे आदर्श उदाहरण होते. २००७ मध्ये अशोक पिरामल समूहाने स्थापन केलेला हा क्लब द्वितीय श्रेणीतून बढती मिळवून २००९-१० मध्ये आय-लीगमध्ये आला आणि पहिल्याच हंगामात तिसरा राहिला. २०१२-१३ मध्ये त्याने उपविजेतेपद मिळवले आणि २०१४ मध्ये एएफसी करंडकात भारताचे प्रतिनिधित्व केले. त्याच्या युवा अकादमीची गणना देशातील चांगल्या अकादमींमध्ये होत असे. बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात या संघासाठी येणारा प्रेक्षक संख्येने थोडा असला, तरी नियमित होता.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग, म्हणजेच आयएसएल, सुरू झाली आणि चित्र पालटले. प्रक्षेपण, जाहिरात आणि प्रायोजक यांचा ओघ नव्या स्पर्धेकडे वळला. आय-लीगमधील क्लबांचा खर्च कायम राहिला, पण त्यांचे भवितव्य अनिश्चित झाले. २०१५ मध्ये पुणे एफसीने व्यावसायिक संघ थांबवला. त्याच वर्षी, अवघा एक हंगाम खेळून, कल्याणी समूहाचा भारत एफसीही बाहेर पडला. शहरातील जुना शिवाजियन्स संघ हाती घेऊन आय-लीगमध्ये उतरलेला डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये त्या स्पर्धेबाहेर गेला.

राहिला तो आयएसएलमधील एफसी पुणे सिटी. २०१७-१८ मध्ये हा संघ उपान्त्य फेरीत पोहोचला आणि पुणेकरांना करंडकाचे स्वप्न पडू लागले. दीड वर्षाच्या आत मालक समूह आर्थिक अडचणीत सापडला. ऑगस्ट २०१९ मध्ये स्पर्धेतील त्याची जागा हैदराबाद एफसी या नव्या क्लबला मिळाली. अशा प्रकारे २०१५ ते २०१९ या पाच वर्षांत एकाच शहरातील चार व्यावसायिक संघ राष्ट्रीय पटावरून नाहीसे झाले.

यातला पुणे एफसीचा धडा विशेष महत्त्वाचा आहे. या क्लबने जुगार खेळला नव्हता, तरीही तो वाचला नाही. ज्या स्पर्धेत तो खेळत होता, तिचाच दर्जा अनिश्चित झाल्यावर क्लबची अंतर्गत शिस्त पुरेशी ठरली नाही.

हैदराबाद : करंडक आला, क्लब गेला

पुण्याच्या जागी आलेल्या हैदराबादची कहाणी दुसऱ्या टोकाची आहे. प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांच्या मार्गदर्शनाखाली या संघाने तरुण भारतीय खेळाडूंना संधी दिली. मार्च २०२२ मध्ये गोव्यातील फातोर्डा मैदानावर केरला ब्लास्टर्सला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून त्याने आयएसएलचे विजेतेपद पटकावले. स्थापनेपासून तिसऱ्याच हंगामात मिळालेले हे यश होते.

मात्र मैदानाबाहेर थकबाकी वाढत गेली. नव्या खेळाडूंच्या नोंदणीवर बंदी आली, प्रमुख खेळाडू क्लब सोडून गेले आणि २०२३-२४ मध्ये संघ तळाला राहिला. नंतर मालकी बदलली आणि २०२५ मध्ये हा संघ दिल्लीला हलवून त्याचे नावही बदलण्यात आले. पुण्याकडून हैदराबादला आणि हैदराबादकडून दिल्लीला, असा स्पर्धेतील एकाच जागेचा हा प्रवास आहे. प्रत्येक वेळी मागे राहिले ते समर्थक, कारण जागेचे हस्तांतर होते, पण निष्ठेचे होत नाही.

गोवा : माघारीतून टिकलेले क्लब

गोव्यातील क्लबांनी वेगळा मार्ग घेतला. धेंपो स्पोर्ट्‌स क्लबने आर्मांदो कुलासो यांच्या प्रशिक्षणाखाली २००४-०५ ते २०११-१२ या काळात पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. २००८ मध्ये हा संघ एएफसी करंडकाच्या उपान्त्य फेरीपर्यंत गेला. साळगावकर क्लबनेही १९९८-९९ आणि २०१०-११ मध्ये राष्ट्रीय साखळी जिंकली होती. तरीही २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिन्ही संघांनी आय-लीगमधून माघार घेतली. प्रस्तावित रचनेत आय-लीगला दुय्यम स्थान मिळणार होते आणि तेथून वरच्या श्रेणीत जाण्याचा मार्ग नव्हता, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता.

समर्थकांसाठी हा निर्णय क्लेशदायक होता. देशातील सर्वोत्तम संघांशी खेळणारा आपला क्लब आता केवळ राज्य साखळीत दिसणार होता. पण माघार घेणे आणि बंद पडणे यांत फरक आहे. गोवा प्रोफेशनल लीग, युवा संघ आणि अकादमी यांच्या आधाराने धेंपो जिवंत राहिला. २०२३-२४ मध्ये द्वितीय श्रेणीतून बढती मिळवून २०२४-२५ मध्ये तो आय-लीगमध्ये परतला. महिंद्रा युनायटेड किंवा पुणे एफसी यांना अशी संधी मिळू शकली नाही, कारण परत येण्यासाठी मागे क्लबच उरला नव्हता.

कोलकाता : नावासाठी आग्रह

समर्थकांचा आवाज किती परिणामकारक ठरू शकतो, हे कोलकात्यात दिसले. १८८९ मध्ये स्थापन झालेल्या मोहन बागानने २०२० मध्ये एटीके या आयएसएल संघाशी विलीनीकरण केले. नव्या कंपनीत आरपी-संजीव गोएंका समूहाचा हिस्सा ८० टक्के होता. पैसा आणि सर्वोच्च साखळीतील स्थान मिळाले, पण क्लबच्या नावापुढे ‘एटीके’ ही अक्षरे आली. ती काढावीत यासाठी समर्थकांनी मैदानात आणि मैदानाबाहेर दीर्घकाळ मोहीम चालवली. मार्च २०२३ मध्ये आयएसएलचा अंतिम सामना जिंकल्यानंतर गोएंका यांनी मैदानावरच नाव बदलून ‘मोहन बागान सुपर जायंट’ करण्याची घोषणा केली.

ईस्ट बंगालमध्ये २०२१ साली गुंतवणूकदाराशी अंतिम करार करावा की नाही, यावर समर्थकांतच फूट पडली. एका गटाला आयएसएलमधील सहभाग महत्त्वाचा वाटत होता, तर दुसऱ्याला सभासदांचे अधिकार. जुलैमध्ये क्लबच्या दारात झालेल्या निदर्शनांना हिंसक वळण लागले आणि पोलिसांना लाठीमार करावा लागला. प्रश्न तोच होता : उद्याच्या सामन्यासाठी शंभर वर्षांची संस्था किती प्रमाणात सोपवावी?

परदेशातील दोन नमुने

इंग्लंडमधील पोर्ट्‌समथ क्लबने २००८ मध्ये एफए करंडक जिंकला. दोन वर्षांत तो कर्जात बुडून प्रशासकाच्या हाती गेला आणि पुढे चौथ्या श्रेणीपर्यंत घसरला. २०१३ मध्ये समर्थकांनी वर्गणी जमवून क्लब विकत घेतला आणि तो कर्जमुक्त केला. २०१७ मध्ये अमेरिकी उद्योजक मायकेल आइसनर यांचा खरेदीप्रस्ताव आला, तेव्हा समर्थकांनी मतदान करून मोठ्या बहुमताने तो स्वीकारला. स्थैर्य मिळवून दिलेल्या समर्थकांनीच वर जाण्यासाठी मालकी सोडली. २०२४ मध्ये हा संघ तिसरी श्रेणी जिंकून दुसऱ्या श्रेणीत परतला. निर्णय योग्य होता की नाही, यावर मतभेद असू शकतात, पण तो समर्थकांनी स्वतः घेतला होता.

जर्मनीत हा अधिकार नियमानेच दिला आहे. तेथील ‘५० अधिक १’ या नियमानुसार, काही अपवाद वगळता, निम्म्याहून अधिक मताधिकार क्लबच्या सभासदांकडे राहतो. गुंतवणूकदार पैसा आणू शकतो, पण सभासदांना डावलून क्लबची दिशा ठरवू शकत नाही.

कोल्हापूर : तालमीचा आधार

महाराष्ट्रात या विचाराच्या सर्वांत जवळ जाणारे शहर कोल्हापूर आहे. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब या संघांची मुळे पेठांत आणि तालमींत आहेत. राजर्षी शाहू स्टेडियमवर त्यांच्या सामन्यांना होणारी गर्दी अनेक व्यावसायिक संघांना हेवा वाटावी अशी असते. राजघराण्याचा आश्रय, कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशनची साखळी आणि पेठेचा अभिमान या तीन गोष्टींवर ही परंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला.

या व्यवस्थेच्या मर्यादाही आहेत. समर्थकांतील हाणामारीने सामने थांबल्याचे प्रसंग येथे घडले आहेत. स्थानिक करंडकांसाठी परदेशी खेळाडू आणण्याचा मोह येथेही झाला. राष्ट्रीय साखळीत कोल्हापूरचा संघ दिसत नाही, ही खंत कायम आहे. म्हणजे मुंबई-पुण्याला काही काळ वैभव मिळाले पण ते टिकले नाही, तर कोल्हापूरला सातत्य मिळाले पण राष्ट्रीय वैभव मिळाले नाही.

मध्य भारतासाठी अर्थ

आयएसएलमध्ये मध्य प्रदेशातील एकही क्लब आजवर खेळलेला नाही. लष्करी केंद्रे, संरक्षण उत्पादन कारखाने आणि पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय असलेल्या जबलपूरसारख्या शहरात खेळाडूला आधार देणारी मोठी व्यवस्था म्हणजे नोकरी. देशभरातील खाते-संघांनी खेळाडूंना पगार आणि निवृत्तिवेतन दिले, हे त्यांचे स्थैर्य. मात्र शहराला आपला म्हणता येईल असा क्लब त्यातून क्वचितच घडला.

आता राज्य साखळीतून आय-लीगच्या तिसऱ्या श्रेणीत आणि तेथून वर जाण्याचा मार्ग उपलब्ध आहे. आय-लीग विजेत्याला आयएसएलमध्ये बढती मिळण्यास २०२२-२३ च्या हंगामापासून सुरुवात झाली आणि पंजाब एफसी हा त्याचा पहिला लाभार्थी ठरला. दुसरीकडे २०२५ मध्ये व्यापारी हक्कांच्या कराराचा प्रश्न लांबल्याने आयएसएलचा हंगामच वेळेवर सुरू होऊ शकला नाही आणि काही क्लबांनी खेळाडूंचे वेतन थांबवले. वर जाण्याची वाट मोकळी झाली असली, तरी वरचा मजला अजून पक्का नाही.

अशा स्थितीत कोणत्याही शहरात नवा क्लब उभा राहिला, तर समर्थकांनी पहिल्या दिवशीच चार गोष्टी विचाराव्यात, असे या सर्व अनुभवांवरून म्हणता येते. मैदानाचा करार किती वर्षांचा आहे? युवा संघांचा खर्च वरिष्ठ संघाच्या निकालावर अवलंबून आहे का? मालक बाहेर पडल्यास क्लबचे नाव, चिन्ह आणि रंग कोणाकडे राहतील? हिशेब सभासदांपुढे मांडले जातात का? या प्रश्नांची उत्तरे लेखी असतील, तर करंडकासाठी धोका पत्करण्याचा हंगाम कोणता, हे ठरवताना समर्थकालाही मत असेल. ती नसतील, तर करंडक आला काय आणि न आला काय, क्लबचे आयुष्य मालकाच्या पुढच्या ताळेबंदापुरतेच राहील.