बूरहाव्ह यांनी लिहून ठेवलेला मृत्यू

जोराच्या वांतीने अन्ननलिका फाटते, त्या दुखण्याला आज डॉक्टर ‘बूरहाव्ह सिंड्रोम’ म्हणतात. त्याची कहाणी ऑक्टोबर १७२३ मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू होते. आरमारप्रमुख बॅरन यान फान वासेनार यांना जेवण जड झाले. पोट हलके व्हावे म्हणून त्यांनी वांतीचे औषध घेतले. उमाळ्यावर उमाळे येता येता छातीत काहीतरी तुटल्यासारखे झाले आणि ते कळवळून ओरडले. लायडनचे ख्यातनाम वैद्य हेर्मान बूरहाव्ह धावून आले. रोग्याला आडवेही होता येईना. तो पुढे वाकून बसलेला. कोणताच उपाय लागू पडला नाही. दुसऱ्या दिवशी बॅरन गेले.

बूरहाव्ह यांनी शवविच्छेदन केले. कातडीखाली हवा भरली होती. छाती उघडताच भाजलेल्या बदकाचा वास आला; खाल्लेले अन्न फुप्फुसाभोवतीच्या पोकळीत उतरले होते. छाती आणि पोट यांमधल्या पडद्याच्या जरा वर अन्ननलिका फाटली होती. १७२४ मध्ये त्यांनी हे सारे बारीकसारीक तपशिलांसह छापले, आपले हरलेले उपचारही लपवले नाहीत.

रोग ओळखीचा झाला, तरी रोगी वाचेनात. अन्ननलिकेला आतड्यासारखे बाहेरचे चिवट आवरण नसते, त्यामुळे टाके नीट धरत नाहीत. शिवाय छाती उघडून फुप्फुसाचा श्वास चालू ठेवणारी भूल विसाव्या शतकातच हाताशी आली. १९५२ मध्ये मॅकलर यांनी वांती, छातीत कळ आणि कातडीखाली हवा हे या रोगाच्या लक्षणांचे त्रिकूट मांडले. त्याआधीच, १९४७ मध्ये लंडनचे शल्यविशारद नॉर्मन बॅरेट यांनी फाटलेली अन्ननलिका शिवून रोगी वाचवल्याचे प्रसिद्ध केले. बूरहाव्ह यांच्या नोंदीनंतर दोन शतकांहून अधिक काळ लोटला होता.

आज संशय आला की तोंडाने अन्नपाणी देत नाहीत. सीटी स्कॅन करतात, फक्त तपासणीपुरते पाण्यात विरघळणारे औषध पाजून गळती कुठे आहे ते पाहतात. मग छातीतली घाण धुऊन काढायची, फाट शिवायची, वर बरगड्यांमधल्या स्नायूची पट्टी बसवायची, नळी ठेवायची. पण हे सगळे वेळेत व्हावे लागते. पहिल्या २४ तासांनंतर धोका झपाट्याने वाढतो. कळ हृदयविकारासारखी भासते, म्हणून घोटाळा होतो. अशा वेळी एक प्रश्न विचारायलाच हवा: कळ येण्याआधी वांती झाली होती का? तो प्रश्न विचारायला आपल्याला बूरहाव्ह यांच्या प्रामाणिक नोंदीने शिकवले.