गिअर नेमका केव्हा बदलावा?

दुपदरी रस्त्यावर पुढे एक मालमोटार ताशी पन्नास किलोमीटरच्या वेगाने चाललेली असते. मागच्या मोटारीचा चालक समोरचा रस्ता मोकळा पाहून उजवीकडे येतो, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबतो, आणि गाडी मात्र जागची हलत नाही असे त्याला वाटते. ती वेग घेते, परंतु अत्यंत संथपणे. तेवढ्यात समोरच्या वळणावर वाहन दिसू लागते. 'गाडीला पिकअपच नाही' हा शेरा अशा वेळी हमखास ऐकू येतो. वास्तविक पुष्कळदा दोष इंजिनाचा नसतो. गाडी चौथ्या गिअरमध्ये असते, आणि त्या क्षणी इंजिन आपल्या शक्तीचा जेमतेम चौथा हिस्सा देऊ शकत असते.

गिअर केव्हा बदलायचा हे बहुतेक चालक कानाने ठरवतात. इंजिनाचा आवाज चढला की वरचा गिअर, गाडी कण्हू लागली की खालचा. रोजच्या शहरी वाहतुकीत एवढे पुरते. तथापि गाडीकडून जास्तीत जास्त वेगवाढ हवी असेल, तर गिअर बदलण्याचा क्षण अंदाजाने नव्हे, गणिताने ठरवता येतो. त्यासाठी लागतात दोनच गोष्टी: इंजिनाचा शक्तिवक्र आणि गिअरची गुणोत्तरे.

दोन आकडे, दोन अर्थ

गाडीच्या माहितीपत्रकात इंजिनासंबंधी दोन आकडे ठळकपणे छापलेले असतात. एक टॉर्कचा, दुसरा अश्वशक्तीचा. टॉर्क म्हणजे इंजिनाच्या दांड्याला मिळणारा पीळ. तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. अश्वशक्ती म्हणजे काम करण्याचा दर. ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलले, की एक मेट्रिक अश्वशक्ती खर्ची पडते. या दोहोंचे नाते सोपे आहे. न्यूटन-मीटरमधील टॉर्कला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणून सुमारे ७,०२४ ने भागले, की अश्वशक्ती मिळते. म्हणजेच इंजिनाचे फेरे वाढत असताना टॉर्क थोडा घटला, तरी शक्ती वाढतच राहू शकते. टॉर्क फेऱ्यांच्या वाढीपेक्षा अधिक झपाट्याने घसरू लागला, की मग शक्तीचा आलेख खाली वळतो.

येथेच एक गैरसमज ठाण मांडून बसला आहे. 'कमाल टॉर्क ज्या फेऱ्यांना मिळतो तेथे गिअर बदलावा, पुढे ताणण्यात अर्थ नाही,' असे अनेक जाणकार म्हणवणारेही सांगतात. दुसरा पंथ कमाल शक्तीचा बिंदू सांगतो. हा सल्ला पहिल्याहून बरा आहे, पण तोही अपुराच. कारण विचार केवळ सोडायच्या गिअरचा करून भागत नाही. पुढच्या गिअरमध्ये गेल्यावर फेरे कोठे येऊन पडणार, आणि तेथे इंजिन किती शक्ती देणार, हेही पाहावे लागते.

नियम एका वाक्यात असा: कोणत्याही ठरावीक वेगाला ज्या गिअरमध्ये इंजिन अधिक शक्ती देते, त्याच गिअरमध्ये चाकांना अधिक ओढ मिळते. म्हणून खालच्या गिअरमधील घटती शक्ती आणि वरच्या गिअरमध्ये मिळणारी शक्ती जेथे समान होते, तो गिअर बदलण्याचा योग्य बिंदू होय. हा बिंदू कमाल शक्तीच्या नेहमी पुढेच असतो, अलीकडे कधीच नसतो.

स्विफ्टचा हिशेब

भारतीय रस्त्यांवर परिचित असलेले उदाहरण घेऊ. मारुतीने २००५ मध्ये आणलेल्या पहिल्या स्विफ्टमध्ये १.३ लिटरचे पेट्रोल इंजिन होते. (२०१० मध्ये त्याची जागा १.२ लिटरच्या इंजिनाने घेतली.) त्याची कमाल शक्ती ६,००० फेऱ्यांना ८७ अश्वशक्ती, तर कमाल टॉर्क ४,५०० फेऱ्यांना ११३ न्यूटन-मीटर. पाच गिअरची गुणोत्तरे अनुक्रमे ३.५४५, १.९०४, १.२८०, ०.९६६ आणि ०.७५७.

कंपन्या माहितीपत्रकात आलेखावरील हे दोनच बिंदू छापतात. उरलेला वक्र डायनॅमोमीटरवर मोजावा लागतो किंवा या दोन बिंदूंमधून अंदाजाने काढावा लागतो. येथे तसाच अंदाज धरला आहे: ३,००० फेऱ्यांना सुमारे ४५ अश्वशक्ती, ४,००० ला ६४, ४,५०० ला ७२, ५,००० ला ७९, ६,००० ला ८७ आणि ६,५०० ला पुन्हा ८५. फेऱ्यांची मर्यादा ६,५०० मानू.

आता दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना काय होते? १.९०४ ला १.२८० ने भागल्यास १.४९ येतात. म्हणजे गिअर बदलताच फेरे जवळपास दीडपटीने खाली येतात. चालकाने कमाल टॉर्कच्या, म्हणजे ४,५०० फेऱ्यांच्या, बिंदूवर गिअर बदलला तर इंजिन एकदम ३,००० च्या आसपास येते. ७२ अश्वशक्तीवरून ४५ वर. ओढ एका झटक्यात ३७ टक्क्यांनी घटली. कमाल शक्तीच्या ६,००० फेऱ्यांवर बदलला तर ८७ वरून ६४. हाही तोटाच. ६,५०० पर्यंत ताणले तर ८५ वरून सुमारे ७०. अद्यापि खालचा गिअरच सरस आहे! तिसऱ्यातून चौथ्यात फरक ८५ आणि ७८ असा, तर चौथ्यातून पाचव्यात ८५ आणि ८० असा उरतो. दोन्ही शक्ती समान होण्याआधीच फेऱ्यांची मर्यादा येऊन ठेपते.

ज्यांना अश्वशक्तीपेक्षा टॉर्कच अधिक विश्वासार्ह वाटतो, त्यांनी तोच हिशेब टॉर्कने करून पाहावा. ६,००० फेऱ्यांना इंजिनाचा टॉर्क सुमारे १०२ न्यूटन-मीटर, गुणिले १.९०४, म्हणजे १९४. तिसऱ्या गिअरमध्ये, ४,०३० फेऱ्यांना टॉर्क ११२, म्हणजे अधिकच. पण गुणिले १.२८० केल्यावर उरतात केवळ १४३. इंजिनाचा टॉर्क वाढला आणि चाकांपर्यंत पोहोचणारा पीळ मात्र घटला. गिअर हे टॉर्क वाढवण्याचेच यंत्र असल्याने, त्याचा गुणाकार विसरून केलेली कोणतीही चर्चा फसवी ठरते.

गुणाकार-भागाकाराचा कंटाळा असल्यास आलेखाचा कागद पुरतो. आडव्या अक्षावर गाडीचा वेग आणि उभ्या अक्षावर शक्ती घेऊन, प्रत्येक गिअरसाठी तोच शक्तिवक्र त्या त्या गुणोत्तराने ताणून काढावा. शेजारच्या दोन गिअरचे वक्र जेथे एकमेकांना छेदतात, तेथे गिअर बदलावा. छेदत नसतील, तर मर्यादेपर्यंत जावे. मात्र पहिल्या गिअरमध्ये इंजिन आणि चाके फिरवण्यातच बरीच शक्ती खर्ची पडते व चाके घसरण्याची शक्यताही असते, म्हणून तेथे थोडे आधी बदलले तरी फारसे बिघडत नाही.

शर्यतींच्या जगाने हा विचार टोकाला नेऊन पाहिला होता. विल्यम्स संघाने १९९३ मध्ये आपल्या फॉर्म्युला वन मोटारीला पट्ट्यावर चालणारा, पायऱ्याच नसलेला गिअरबॉक्स बसवून चाचणी घेतली. चाचणीचा चालक होता डेव्हिड कुल्टहार्ड. गाडीचा वेग कितीही असो, इंजिन कमाल शक्तीच्या फेऱ्यांवरच घोंघावत राहावे, हा त्यामागील हेतू. शर्यतीत उतरण्याआधीच नियमांनी ही व्यवस्था बाद केली.

डिझेलची तऱ्हा वेगळी

पेट्रोल गाडीचा हा निष्कर्ष डिझेलला जसाच्या तसा लावता येत नाही. २००७ मध्ये आलेल्या डिझेल स्विफ्टचे इंजिन मूळ फियाटचे. हेच १.३ लिटरचे मल्टिजेट इंजिन पुण्याजवळील रांजणगावच्या कारखान्यातही बनत असे आणि इंडिका व्हिस्टासारख्या गाड्यांत बसत असे. २०२० मध्ये 'भारत स्टेज ६' मानके लागू झाली आणि मारुतीच्या गाड्यांतून ते निवृत्त झाले. त्याची कमाल शक्ती ४,००० फेऱ्यांना ७५ अश्वशक्ती आणि कमाल टॉर्क २,००० फेऱ्यांनाच १९० न्यूटन-मीटर. ४,००० नंतर अशा इंजिनाची शक्ती झपाट्याने उतरते. ४,५०० ला ती सुमारे ७० वर आली असे धरले आणि दोन गिअरमधील अंतर दीडपट मानले, तर पुढच्या गिअरमध्ये ३,००० फेऱ्यांनाही जवळपास तेवढीच शक्ती मिळते. म्हणजे येथे समान शक्तीचा बिंदू ४,५०० च्या आसपास, लाल पट्ट्याच्या बराच अलीकडे येतो. त्यापुढे डिझेल इंजिन ताणणे म्हणजे आवाज वाढवणे आणि वेळ गमावणे.

बारा सेकंद की पाच?

या साऱ्याचा खरा उपयोग शर्यतीत नव्हे, ओव्हरटेक करताना आहे. माणसांसह १,२०० किलो वजनाची तीच पेट्रोल स्विफ्ट सपाट रस्त्यावर ताशी ५० वरून ८० किलोमीटरला न्यायची आहे असे समजा. हवेचा आणि टायरचा विरोध व यंत्रणेतील घट वजा जाता चौथ्या गिअरमध्ये सुमारे बारा सेकंद लागतात. तिसऱ्यात आठ, दुसऱ्यात अवघे पाच. बारा सेकंदांत गाडी सुमारे २२० मीटर जाते. समोरून ताशी ६० च्या वेगाने वाहन येत असेल, तर ते त्याच वेळात २०० मीटर जवळ येते. म्हणजे चौथ्या गिअरमध्ये केवळ हा वेग गाठेपर्यंत सव्वाचारशे मीटर मोकळा रस्ता हवा. दुसऱ्या गिअरमध्ये १७५ मीटर पुरतात. कोकणात उतरणाऱ्या एखाद्या नागमोडी रस्त्यावर चारशे मीटर सरळ रस्ता किती वेळा दिसतो, हे ज्याने त्याने आठवावे.

घाट चढताना तर प्रश्न केवळ वेगाचाही राहत नाही. पंधरास एक अशा चढावर, चार माणसांसह ताशी ४० चा वेग राखायलाच या गाडीला इंजिनाकडून सुमारे १९ अश्वशक्ती लागतात. चौथ्या गिअरमध्ये त्या वेगाला इंजिन जेमतेम १,४०० फेरे घेते आणि १७ च्या आसपास देते. हिशेब तेथेच तुटतो. गाडी मंदावते, इंजिन नॉक करू लागते आणि अ‍ॅक्सिलरेटर कितीही दाबला तरी काही मिळत नाही. तिसऱ्यात तेच इंजिन सुमारे २५, तर दुसऱ्यात ४० अश्वशक्ती देऊ शकते. जुन्या ट्रकचालकांचा 'चढ लागण्याआधी गिअर पाड' हा परिपाठ या गणिताशी तंतोतंत जुळतो, आणि तो त्यांनी कोणत्याही आलेखाशिवाय शोधला होता.

अ‍ॅव्हरेजचे गणित उलटे

इंधन वाचवायचे असेल तर नेमके उलट वागावे लागते. वेग वाढवायचा नसताना गाडीला दहा-पंधरा अश्वशक्तीच लागतात. त्या कमी फेऱ्यांवर, थ्रॉटल अधिक उघडा ठेवून मिळवल्या तर घर्षणात आणि हवा ओढून घेण्यात कमी ऊर्जा वाया जाते. म्हणून इंजिन नॉक न करता जो सर्वात वरचा गिअर ओढू शकेल, तोच काटकसरीचा. सपाट रस्त्यावर छोट्या पेट्रोल गाडीचा गिअर २,००० ते २,५०० फेऱ्यांदरम्यान, तर डिझेलचा त्याहून थोडा आधी बदलावा, हा सर्वसाधारण ठोकताळा.

प्रयोगशाळेतील चाचण्यांतही हा प्रश्न सुटलेला नव्हता. युरोपच्या जुन्या चाचणीत प्रत्येक गाडीचा गिअर ताशी १५, ३५, ५० आणि ७० किलोमीटरलाच बदलला जाई; मग इंजिन कसेही असो. २०१७ पासून तेथे लागू झालेल्या 'डब्ल्यूएलटीपी' चाचणीने ही सक्ती काढून टाकली. आता प्रत्येक गाडीचा शक्तिवक्र, वजन आणि गुणोत्तरे घेऊन गिअर बदलण्याचे क्षण संगणक ठरवतो. लागणाऱ्या शक्तीपेक्षा पुरेशी अधिक शक्ती हाताशी आहे की नाही, हे पाहताना तो वक्रातून दहा टक्के कापून ठेवतो.

एक सावधगिरी मात्र घ्यायलाच हवी. वरच्या गिअरमध्ये जाताना फेरे मर्यादेबाहेर गेले, तर इंजिनाचा संगणक इंधन तोडून त्याला वाचवतो. खालच्या गिअरमध्ये येताना हे संरक्षण नसते, कारण तेव्हा चाकेच इंजिनाला फिरवत असतात. या स्विफ्टमध्ये ६,००० फेऱ्यांना पहिला गिअर ताशी सुमारे ४५, दुसरा ८५ आणि तिसरा १२७ किलोमीटरपर्यंत जातो. फेऱ्यांची तबकडी नसलेल्या गाडीत हेच आकडे वेगाच्या काट्यावर लक्षात ठेवणे सोयीचे. ताशी ११० च्या वेगात घाईने चुकून दुसरा गिअर पडला आणि क्लच सोडला गेला, तर इंजिन ७,७०० फेऱ्यांकडे ओढले जाते, आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळण्याची वेळ येऊ शकते.