पहाटे चार पन्नास

१४ सप्टेंबर २०१५. पहाटेचे पावणेपाच वाजून गेलेत. तुम्ही अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात, लिव्हिंग्स्टनजवळच्या पाइनच्या रानात उभे आहात. समोर काँक्रीटच्या आच्छादनाखालून ‘लायगो’ या वेधशाळेची पोलादी नळी सरळ ४ किलोमीटर गेली आहे. तिच्याशी काटकोनात तेवढीच दुसरी. आतल्या निर्वातात लेझर धावतो आणि टोकाला काचतंतूंवर टांगलेल्या ४० किलोच्या आरशावरून परततो. रात्री उशिरापर्यंत चाचण्या करणारी मंडळी थकून नुकतीच परतलीत. त्यांनी आणखी तासभर काम रेटलं असतं, तर पुढचा क्षण बहुधा हातचा गेला असता.

आता १३० कोटी वर्षं मागे चला. पृथ्वीवर एकही झाड नाही, प्राणी नाही. तिच्यापासून फार फार दूर दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती गरगरताहेत. एक ३६ सूर्यांच्या वजनाचं, दुसरं २९. डोळे ताणू नका, दिसण्यासारखं काही नाही. प्रकाशाच्या निम्म्या वेगाने ती एकमेकांवर आदळतात आणि उरतं ६२ सूर्यांचं एकच. बाकीचे तीन सूर्य अवकाशालाच हेलकावत, गुरुत्वीय लाटा होऊन निघालेत. त्यांच्याबरोबर निघा.

चार पन्नासला लाट लिव्हिंग्स्टनवरून जाते. सात सहस्रांश सेकंदांनी वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डच्या जुळ्या यंत्रावरून. तुमचं शरीरही ताणलं गेलं, आखडलं, पण तुम्हाला पत्ता नाही. नळीची लांबी बदलली ती प्रोटॉनच्या व्यासाच्या काहीशेव्या भागाइतकी, तीही जेमतेम ०.२ सेकंद! इतकं बारीक मोजताना क्वांटम भौतिकशास्त्र आडवं येतं: प्रकाशाचे कण सारख्या अंतराने येत नाहीत, म्हणून मोजमापच थरथरतं. या थरथरीवर उतारा म्हणून २०१९ पासून तिथे खास घडवलेला ‘स्क्वीझ्ड’ प्रकाश वापरतात. विश्वातली सर्वांत दांडगी टक्कर ऐकायला प्रकाशकणांना शिस्त लावावी लागते, हे मला या सगळ्या खटाटोपातलं सर्वांत विलक्षण वाटतं.

आणि गोंगाटातून असा क्षीण सूर कसा निवडायचा, याचं गणित पुण्यात ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच मांडत होते. तेव्हा लिव्हिंग्स्टनला ही नळी नव्हती.

एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळच्या ‘लायगो-इंडिया’साठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. हे ठिकाण जोडलं गेलं की लाट आकाशाच्या कोणत्या भागातून आली, ते कितीतरी नेमकं सांगता येईल. हिंगोली-परभणीच्या शिक्षकांनो, ही गोष्ट वर्गात आजच सांगा. ते यंत्र चालवायला माणसं लागणार आहेत.