मूठ न वळणाऱ्या हातांची शेती

वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६ साली विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी कुष्ठरुग्णांसाठी काम उभं केलं. तेव्हा या आजारावर खात्रीचं औषध नव्हतं. चालमोगऱ्याचं तेल तेवढं दिलं जाई. बोटं झडलेल्या माणसाने देवळाच्या पायरीवर वाडगं घेऊन बसायचं, हे समाजाने ठरवूनच टाकलं होतं. दत्तपूरने त्याच्या हाती चरखा दिला आणि शेतीही दिली. गांधीजी ज्यांची सेवाग्रामला स्वतः शुश्रूषा करत, ते संस्कृत पंडित परचुरेशास्त्री अखेरच्या काळात इथेच राहिले. पुढे १९४६ मध्ये अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन सुरू झालं. अपंग शरीराला माती कसता यावी यासाठीच्या आपल्याकडच्या धडपडीचा इतिहास लिहायचा तर सुरुवात विदर्भातल्या या जागांपासून करावी लागेल. बागेतून उपचार म्हटलं की आज पाश्चात्त्य देशांची उदाहरणं लगेच दिली जातात. ब्रिटनमध्ये क्रिस अंडरहिल यांनी त्यासाठीची संस्था काढली ती १९७८ मध्ये. दत्तपूर त्याच्या चार दशकं आधीचं आहे, हे आपल्याच लोकांना माहीत नसावं याचं वाईट वाटतं.

बाबा आमट्यांच्या महारोगी सेवा समितीला वरोऱ्याजवळ पन्नास एकर जमीन मिळाली. जमीन म्हणजे झुडपं आणि खडक. बाबा, त्यांच्या पत्नी साधनाताई, दोन लहान मुलं, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये, एवढ्या भांडवलावर सगळे तिथे राहायला गेले. जून १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते आनंदवनाचं उद्घाटन झालं. पहिलं मोठं काम विहिरीचं होतं. पाण्याशिवाय भाजीचा एक वाफाही निघणार नव्हता. तेव्हा बधिर हातांनी पहार आणि टिकाव उचलून तो खडक फोडला गेला.

हे वाचायला उमेद देणारं आहे, पण त्यात एक मोठा धोका होता. तो नीट समजला तामिळनाडूतल्या वेल्लोरमध्ये. डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये तिथे आले. कुष्ठरोगाने मांस सडतं आणि बोटं गळून पडतात, असं तोवर डॉक्टरही मानत. ब्रँड यांच्या लक्षात आलं की रोगजंतू मारतात ते नसांना. मग हाताला दुखणं कळत नाही, आणि पुढचं नुकसान करतात चटके, काटे, फोड आणि चिघळलेल्या जखमा. झोपेत उंदरांनी बोटं कुरतडली तरी जाग येत नसे. म्हणून रुग्णांना मांजरं पाळायला दिली गेली. गंजलेल्या कुलपात किल्ली जोर लावून फिरवणाऱ्या एका मुलाचं बोट हाडापर्यंत कापलं गेलं आणि त्याला पत्ताही लागला नाही. खुरपं किती घट्ट धरायचं हे आपल्याला वेदना सांगते. ती सूचना बंद पडली की माणूस गरजेपेक्षा कितीतरी जास्त दाबून धरतो.

शेतीत याचा अर्थ फार सरळ होतो. कोपराजवळची नस गेली की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळतं आणि पंजा नखीसारखा होतो. मूठ पूर्ण मिटत नाही, म्हणून अवजाराचा सगळा भार बोटांच्या टोकांवर पडतो. बारीक दांड्याचं खुरपं तासभर चालवलं की तिथेच फोड येणार. उपाय साधा आहे: दांड्याला कापड किंवा रबर गुंडाळून तो जाड आणि मऊ करायचा, म्हणजे भार तळव्यावर पसरतो. काम मधूनमधून बदलायचं. संध्याकाळी हात-पाय पाण्यात भिजवायचे, तेल लावायचं आणि न चुकता डोळ्यांनी तपासायचे. स्पर्शाचं काम डोळ्यांवर सोपवायचं, हा त्यातला गाभा. पायांसाठी मऊ सच्छिद्र रबराच्या, खिळे न मारलेल्या चपला आल्या. काटेरी शेतात त्यांचं मोल फार मोठं होतं. ब्रँड यांच्या शस्त्रक्रियांमध्ये शाबूत स्नायूचा कंडरा वळवून वाकडी बोटं सरळ करत. बरा झालेला रुग्ण त्या हाताने पुन्हा काम करू लागला, की मगच उपचार पुरा झाला असं ते मानत.

आनंदवनात पीक आलं. धान्य आलं, पाठोपाठ भाजी आली आणि लवकरच खाऊन उरू लागली. वरोऱ्यात ती घ्यायला कोणी तयार नव्हतं.

या नकाराला कायद्याचीही परंपरा होती. १८९८ च्या कुष्ठरोग कायद्याने, तो लागू असलेल्या भागांत, कुष्ठरुग्णाला अन्नपदार्थ विकायला मनाई केली होती. सार्वजनिक विहिरीवर अंघोळ करायला आणि भाड्याचं वाहन हाकायलाही बंदी होती. पिढ्यानपिढ्या हेच मनात मुरलं असेल, तर टोपलीतल्या वांग्यांकडे गिऱ्हाईक कसं पाहणार? पुढे सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे परदेशी तरुण स्वयंसेवक आनंदवनात आले, रुग्णांसोबत राहिले, तिथलंच जेवले, इमारती बांधू लागले. वरोऱ्याची माणसं ते बघायला आली आणि हळूहळू भाजी विकली जाऊ लागली. अपंगांच्या बागेबद्दल बोलताना उंच वाफे आणि हलकी अवजारं यांची चर्चा होते. ती हवीच. पण पिकवलेलं विकता आलं नाही तर बाग हा निव्वळ विरंगुळा उरतो, आणि आनंदवनाला पोट भरायचं होतं.

१९६७ नंतर मूल या गावाजवळ सोमनाथला आनंदवनातल्या बरे झालेल्या रुग्णांनी जंगलातल्या जमिनीवर भातशेती उभी केली. स्वतः बाबांना मणक्याच्या आजाराने नीट बसता येत नसे. ते उभे राहत किंवा आडवे पडून काम करत. १८९८ चा तो कायदा केंद्राने रद्द केला २०१६ मध्ये, बाबा गेल्यानंतर आठ वर्षांनी.

कुष्ठरोगावर १९८२ पासून बहुऔषधोपचार आले आणि नवे रुग्ण कमी होत गेले. वेल्लोरमधलं ज्ञान मात्र आता दुसऱ्यांच्या कामी येतं. मधुमेहाने पाय बधिर झालेल्या माणसांना डॉक्टर त्याच मऊ सच्छिद्र रबराच्या चपला घालायला सांगतात. परसात किंवा गच्चीवर अनवाणी पाणी घालणाऱ्या कितीतरी आज्यांना हे कोणी सांगितलेलं नसतं. झाडांची कामं आटोपल्यावर तळवे उजेडात धरून बघायचे, स्वतःला दिसत नसतील तर सुनेला किंवा नातवाला बघायला सांगायचं, काटा किंवा फोड दिसला तर दुखत नाही म्हणून तसाच सोडायचा नाही.