होगार्थचे दुकान



नोकरी न धरता स्वतःच्या हिमतीवर बोधचिन्हे, वेष्टने, जाहिराती, मुखपृष्ठे करून देणारे तरुण हल्ली आपल्या शहरांतून पुष्कळ दिसतात. फ्रीलान्स ग्राफिक डिझायनर असे त्यांचे नाव. हा धंदा संगणकाबरोबर जन्माला आला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः त्याच्या साऱ्या अडचणी तीनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये एका माणसाने भोगल्या आणि त्यांतील एकीवर कायदाच करवून घेतला. त्याचे नाव विल्यम होगार्थ. त्याच्या चित्रांचे रसग्रहण करणारे पुष्कळ आहेत. आज मी त्याच्या धंद्याची पहिली पंधरा वर्षेच तेवढी आपणांपुढे मांडणार आहे.

होगार्थ जन्मला १६९७ साली. बाप लॅटिनचा शिक्षक, विद्वान पण व्यवहारशून्य. ज्यात लॅटिनच बोलावयाचे असे एक कॉफीगृह त्याने काढले! ते बुडाले हे सांगावयास नकोच. कर्जापायी त्याला फ्लीटच्या तुरुंगात काही वर्षे काढावी लागली. लेखणीवर पोट भरू पाहणाऱ्या बापाला ग्रंथविक्रेत्यांनी कसे वागविले, हे मुलाने जवळून पाहिले होते आणि पुढे आठवणींत त्याने ते कडवटपणे लिहून ठेवले. त्याच्या पुढील सर्व हट्टीपणाचे मूळ मला येथे दिसते.

१७१४ साली तो एलिस गॅम्बल नावाच्या चांदीवरील नक्षीकाम करणाऱ्याकडे उमेदवारीस राहिला. सरदारांच्या ताटवाट्यांवर त्यांची कुलचिन्हे कोरावयाची, हे काम. मुदत सात वर्षांची. ती पुरी होण्याआधीच कंटाळून त्याने ते सोडले, आणि एप्रिल १७२० मध्ये स्वतःच्या नावाचे कार्ड कोरून धंदा मांडला. वय बावीस. कामे कोणती? दुकानदारांची कार्डे, कुलचिन्हे, ग्रंथविक्रेत्यांसाठी पुस्तकांतील चित्रे. दिवसा हे करावे आणि त्याच वर्षी सेंट मार्टिन्स लेनमध्ये निघालेल्या चित्रशाळेत जाऊन रेखाटनाचा हात सुधारावा, असा त्याचा क्रम होता.

परंतु गिऱ्हाइकाने सांगितलेले कोरीत बसण्यात त्याचे समाधान नव्हते. १७२४ साली त्याने शहराच्या बिघडलेल्या अभिरुचीची, म्हणजे मुखवट्यांचे नाच आणि परदेशी संगीतिका यांच्या वेडाची, टवाळी करणारे चित्र स्वतः काढले, स्वतः छापले आणि एक शिलिंग किंमत ठेवली. चित्र लोकांना आवडले. आणि तेथेच घात झाला.

तो कसा, हे समजण्यासाठी छपाईची रीत पाहिली पाहिजे. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरावयाचे, रेघांत शाई भरावयाची, ओलसर कागद दाबावयाचा. खरा श्रम कोरण्यात आणि त्याहून कल्पनेत. पण बाजारातून एक प्रत विकत घेऊन तिच्यावरून दुसरा पत्रा कोरणे कोणाही कारागिराला शक्य होते. चित्रविक्रेत्यांनी तसेच केले आणि नक्कल निम्म्या किमतीला विकावयास लावली. अस्सल प्रती होगार्थकडे परत आल्या. विकावयाचे तर त्याच दुकानांतून. दुसरी जागाच नव्हती. शेवटी चोर देतील त्या किमतीला पत्रा त्यांनाच द्यावा लागला. पुस्तकाच्या लेखकाला १७१० पासून कायद्याचा आधार होता. चित्रकाराला काहीही नव्हता.

१७२६ साली बटलरच्या 'ह्युडिब्रास' या उपहासकाव्यावरील बारा मोठ्या चित्रांनी त्याचे नाव झाले. पण नाव झाले म्हणून पैसे मिळतातच असे नाही. जोशुआ मॉरिस हा चित्रपडदे विणवून विकणारा व्यापारी. त्याने होगार्थला एका पडद्यासाठी चित्र सांगितले. पुढे त्याच्या कानावर आले की हा गृहस्थ चित्रकार नसून नुसता कोरणारा आहे. झाले! चित्र कामाचे नाही म्हणून त्याने पैसे नाकारले. होगार्थ न्यायालयात गेला आणि १७२८ साली दावा जिंकला. असल्या प्रसंगी गप्प बसणारेच बहुधा अधिक असतात. हा भांडखोर होता, हे बरेच झाले.

यानंतर त्याने विक्रेत्यालाच वगळले. खेड्यातून आलेल्या एका मुलीचा अधःपात सांगणारी सहा चित्रे त्याने वर्गणी घेऊन काढली : एक गिनी संच, पावती म्हणून त्याचेच एक लहान कोरीव चित्र. १७३२ साली ती निघाली तेव्हा वर्गणीदार बाराशेहून अधिक होते. नकला तरीही निघाल्याच. पुढे लेस्टर फील्ड्समध्ये घर घेऊन त्याने दारावर व्हॅन डाइक या चित्रकाराच्या मस्तकाची पाटी लावली. बुचाचे तुकडे चिकटवून ती त्याने स्वतःच केली आणि सोनेरी रंगविली.

आता राहिला कायदा. जॉर्ज व्हर्च्यू वगैरे सहकाऱ्यांसह त्याने पार्लमेंटकडे अर्ज केला. १७३५ चा कायदा झाला : मूळ कल्पना ज्याची, त्यालाच चौदा वर्षे छापण्याचा अधिकार, मात्र पत्र्यावर मालकाचे नाव आणि तारीख हवी. नव्या आठ चित्रांचा संच त्याने कायदा लागू होईपर्यंत, २५ जूनपर्यंत, दाबून धरला. तेवढ्यात विक्रेत्यांनी गिऱ्हाईक म्हणून हेर पाठविले, घरातील चित्रे पाहून आठवणीने नकला कोरविल्या आणि त्या आधीच बाजारात आणल्या! होगार्थने उत्तर दिले तेही व्यापाऱ्याचेच : स्वतःच्या परवानगीने लहान, स्वस्त प्रती काढविल्या, अडीच शिलिंगांना.

१७६४ साली तो वारला. तोपर्यंत त्याच्या बहुतेक चित्रांची चौदा वर्षे संपली होती, आणि घरातील पत्रे हीच विधवेची इस्टेट होती. पुढच्या कायद्याने मुदत अठ्ठावीस वर्षे झाली, आणि त्यातच एक कलम केवळ जेन होगार्थ हिच्यासाठी घातले गेले : १७६७ पासून वीस वर्षे तिच्या नवऱ्याची चित्रे दुसऱ्या कोणी छापू नयेत. १७८९ साली ती वारली, तोवर लेस्टर फील्ड्सच्या त्याच घरातून तिने ती विकली.