छोटी गाडी आणि तिचे माप

मुंबई-आग्रा महामार्ग शहापूर तालुक्यातून जातो, आणि कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता मुरबाडमधून. ठाणे जिल्ह्याच्या या ग्रामीण भागातील मुलांना वाहने पाहण्यासाठी शहरात जावे लागत नाही. ट्रक, टँकर, एस.टी., टेम्पो दारावरूनच जातात. पाहिलेली गाडी स्वतःच्या हाताने करून बघण्याची हौसही मुलांना असतेच. झिजलेल्या रबरी चपलेच्या तळव्यातून चाके कापायची, बांबूच्या काडीचा आस करायचा, वर पुठ्ठ्याचे खोके बांधायचे आणि दोरीने ओढायचे.

जगात गाड्या करण्याची आणखी एक रीत आहे. एका खोक्यात प्लास्टिकचे पन्नास-शंभर सुटे भाग येतात. ते चौकटीतून कापायचे, घासायचे, चिकटवायचे आणि रंगवायचे. शेवटी हाती येते ती खऱ्या मोटारीची हुबेहूब प्रतिकृती. या दोन गाड्यांत पैशाचा आणि साहित्याचा फरक आहे हे उघड आहे. पण मूळ फरक मापाचा आहे. तो कसा, हे समजण्यासाठी छोट्या गाड्यांचा इतिहास थोडा चाळायला हवा.

दायमाबादचा रथ

छोटे वाहन करण्याची हौस फार जुनी आहे. सिंधू संस्कृतीच्या गावांत मातीच्या बैलगाड्या मोठ्या संख्येने सापडल्या आहेत. महाराष्ट्रात १९७४ साली प्रवरेच्या काठी, दायमाबाद येथे चार धातूच्या वस्तू मिळाल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैलांचा रथ. रथावर हाकणारा माणूस उभा आहे. हा रथ सुमारे ४५ सेंटिमीटर लांब आहे. अनेक अभ्यासक तो उत्तर हडप्पा काळातील मानतात, काहींना ते मान्य नाही. रथ अतिशय देखणा आहे. पण खरा रथ किती लांब होता, हे त्याच्यावरून सांगता येत नाही, कारण करणाऱ्याने सगळे भाग एकाच प्रमाणात लहान केले होते असे मानायला आधार नाही. रथाचे 'रूप' त्यात आहे, 'माप' असेलच असे नाही.

अगदी अलीकडच्या खेळण्यांतही हीच गोष्ट दिसते. इंग्लंडमधील लेस्नी कंपनीचे जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत आगपेटीत मावेल एवढेच खेळणे आणायची परवानगी होती. तेव्हा ओडेल यांनी पितळेचा एक इवलासा रोड रोलर केला. त्यातूनच १९५३ साली 'मॅचबॉक्स' गाड्या बाजारात आल्या. शाळेच्या एका नियमातून एवढा मोठा धंदा उभा राहिला! पण या गाड्यांचे प्रमाण पेटी ठरवत होती. बस आणि मोटार दोन्ही पेटीत बसवायच्या, म्हणजे बस जास्त पटीने लहान करावी लागणार. शेजारी ठेवल्या की दोन्ही जवळजवळ सारख्याच लांबीच्या दिसणार.

शाळांत तयार झालेली विमाने

सगळ्या वस्तूंना एकच प्रमाण लावायचे, ही शिस्त अभियंते आणि आगगाडीचे नमुने करणारे यांच्याकडून आली. फूट-इंचाच्या देशांत सोयीची प्रमाणे ठरली. एका फुटाला अर्धा इंच घेतला की १:२४, सहा फुटांना एक इंच घेतला की १:७२.

या शिस्तीची मोठी परीक्षा दुसऱ्या महायुद्धात झाली. आकाशात दिसणारे विमान आपले की शत्रूचे, हे सैनिकांना क्षणात ओळखता यायला हवे होते. त्यासाठी १९४२ साली अमेरिकन नौदलाने थेट शाळांना हाक दिली. पन्नास प्रकारच्या विमानांच्या प्रत्येकी दहा हजार, म्हणजे एकूण पाच लाख लाकडी प्रतिकृती हव्या होत्या, सर्व १:७२ या प्रमाणात. शाळांना आराखडे पाठवले गेले. मुलांनी लाकूड तासून विमाने केली, काळी रंगवली, आणि मापात बसणारीच स्वीकारली गेली. प्रमाण एकच का हवे होते? ३५ फुटांवर धरलेली १:७२ ची प्रतिकृती डोळ्याला तेवढीच दिसते, जेवढे खरे विमान २५२० फुटांवर दिसते. माप चुकले तर अंतराचा अंदाजही चुकणार.

शिक्षकांनी येथे एक गोष्ट टिपून ठेवावी. या मुलांजवळ तयार संच नव्हते. त्यांच्याजवळ लाकूड, हत्यारे आणि आराखडा होता.

रबराच्या टंचाईतून आलेले प्लास्टिक

प्लास्टिकचे संच युद्धापूर्वीच सुरू झाले होते. इंग्लंडमध्ये १९३६ साली 'फ्रॉग पेंग्विन' नावाने विमानांचे संच निघाले. ते सेल्युलोज ॲसिटेटचे होते. हे प्लास्टिक काळाबरोबर आकसते आणि वाकडे होते. मापाच्या वस्तूला हा दोष परवडणारा नव्हता.

उपाय सापडला तो टायरमुळे. १९४२ साली जपानने मलाया जिंकला आणि दोस्त राष्ट्रांचा नैसर्गिक रबराचा मोठा पुरवठा तुटला. अमेरिकेने कृत्रिम रबराचे कारखाने घाईने उभारले. त्या रबराला ब्युटाडाइन आणि स्टायरीन ही दोन रसायने लागत. युद्ध संपल्यावर स्टायरीन मुबलक उरले. त्याचे रेणू साखळीसारखे जोडले की पॉलिस्टायरीन होते. ते सुमारे १०० अंश सेल्सिअसच्या वर मऊ पडते, साच्यात बारीक नक्षीसकट भरते आणि थंड झाल्यावर आकार राखते.

१९४९ साली लंडनच्या एअरफिक्स कंपनीने फर्ग्युसन ट्रॅक्टरची प्रतिकृती केली, ती ट्रॅक्टर विकणाऱ्यांना जाहिरातीसाठी. त्याआधी ही कंपनी प्लास्टिकचे कंगवे करत असे. सुटे भाग जोडून देण्याचा खर्च वाचावा म्हणून पुढे हा ट्रॅक्टर न जोडताच विकला जाऊ लागला. मोटारींचे संच अमेरिकेत रेव्हेल कंपनीने १९५१ मध्ये, तर एएमटी कंपनीने १९५८ मध्ये लोकप्रिय केले. १९५० च्या दशकात मुंबईच्या पॉलिकेम कंपनीनेही पॉलिस्टायरीन बनवायला सुरुवात केली.

हे प्लास्टिक आपल्या शाळांना चांगलेच परिचित आहे. थर्मोकोल म्हणजे हवा भरून फुगवलेले पॉलिस्टायरीनच. विज्ञान प्रदर्शनांतील धरणे, पेशी आणि सूर्यमाला वर्षानुवर्षे त्याचीच होत असत. २०१८ साली महाराष्ट्र शासनाने थर्मोकोलच्या ताटल्या व सजावटीवर बंदी घातल्यापासून पर्यायी साहित्याचा शोध सुरू झाला आहे.

संचाचे भाग फेव्हिकॉलने का चिकटत नाहीत, हेही यावरून समजते. फेव्हिकॉल लाकडाच्या छिद्रांत शिरून धरतो. पॉलिस्टायरीनला छिद्रे नसतात. त्यासाठीचा द्रव दोन्ही कडा थोड्या विरघळवतो, दोन्हीकडचे रेणू एकमेकांत गुंततात आणि द्रव उडून गेला की सांधा एकजीव होतो. उघड्या हवेत, ज्योत जवळ नसताना, थर्मोकोलच्या तुकड्यावर ॲसिटोनचा एक थेंब शिक्षकांनी स्वतः टाकून दाखवावा. तुकडा तेथे लगेच खचतो.

पूर्ण आकाराचा संच

आपल्याकडे मोटारीचे संच जोडले गेले ते खऱ्या आकाराचे. १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे कारखाना काढला. परदेशातून खोक्यांत आलेले सुटे भाग तेथे जोडून गाड्या तयार होत. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. तिचीही सुरुवात परदेशी गाड्या जोडण्यापासूनच झाली. १९५३ साली सरकारने ठरवले की भाग देशात बनवण्याचा कार्यक्रम असेल त्यांनीच येथे राहावे. जनरल मोटर्सने १९५४ मध्ये जुळणी बंद केली. प्रीमियरने कुर्ल्याच्या कारखान्यात एकेक भाग येथे बनवत नेला आणि फियाट गाडीची पुढे 'पद्मिनी' झाली. मुंबईच्या रस्त्यांवरून तिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली.

जोडणे आणि बनवणे यांतला फरक देशाला तेव्हा महत्त्वाचा वाटला. कारण जोडणाऱ्याला माप माहीत असावे लागत नाही. ते दुसऱ्याने आधीच घेतलेले असते. हस्तकलेच्या तासालाही आपण हाच प्रश्न विचारला पाहिजे: येथे माप कोण घेते आहे?

जे लहान होत नाही

पद्मिनी सुमारे ३.९३ मीटर लांब आणि सुमारे ९०० किलो वजनाची. १:२४ प्रमाणात तिची लांबी १६.४ सेंटिमीटर होईल. वजन किती होईल? बरीच मुले ९०० ला २४ ने भागतील आणि साडेसदतीस किलो म्हणतील. पण लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही २४ पटींनी घटतात, म्हणून घनफळ १३,८२४ पटींनी घटते. त्याच पदार्थांची गाडी केली तर ती अवघी ६५ ग्रॅम भरेल!

आता पत्रा पाहू. खऱ्या गाडीचा पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ असतो. २४ ने भागल्यावर तो वहीच्या कागदाहून पातळ होईल. साच्यातले प्लास्टिक इतके पातळ करता येत नाही. ते साधारण एक मिलिमीटर जाड असते, म्हणजे खऱ्या मापात जवळजवळ एक इंच जाडीचे दार झाले.

सर्वांत मोठी अडचण रंगाची. मोटारीवरील रंगाचे सर्व थर मिळून जाडी ०.१ मिलिमीटरच्या आसपास असते. प्रतिकृतीवर ती ०.००४ मिलिमीटर हवी. कुंचल्याने दिलेला एक हातच त्याच्या कितीतरी पट जाड असतो. म्हणून दाराच्या फटी बुजतात, कडा गोल दिसतात. जाणकार भाग साबणाच्या पाण्याने धुतात, अस्तर देतात आणि पातळ केलेल्या रंगाचे अनेक हात देतात, प्रत्येक हात वाळू देऊन. चकाकत्या रंगातील धातूच्या चकत्यांचेही तसेच. गाडी लहान झाली तरी चकती तेवढीच राहते आणि छोट्या गाडीवर ती खड्यासारखी दिसते. फक्त लांबीला भागले म्हणजे जग लहान होत नाही. हा धडा पुस्तकातील घनफळाच्या सूत्रापेक्षा हातातली गाडी लवकर शिकवते.

मापपट्टी आणि आलेखाचा कागद

शहापूर-मुरबाडच्या शाळांना हे संच महाग पडतील. आमच्या मते त्यांची गरजही नाही. चपलेचे ५ सेंटिमीटर व्यासाचे चाक घ्या. बसच्या टायरचा व्यास सुमारे एक मीटर असतो. म्हणजे चाकानेच प्रमाण ठरवले, १:२०. आता उभ्या एस.टी.ला चालकाची परवानगी घेऊन मुलांना फीत लावू द्या. लांबी, रुंदी, उंची, दोन आसांमधील अंतर, खिडकीची चौकट, सगळे वहीत लिहा. प्रत्येक आकड्याला २० ने भागा, आलेखाच्या कागदावर बाजूचे आणि पुढचे चित्र काढा आणि मगच पुठ्ठ्याला कात्री लावा. दहा मीटरची बस ५० सेंटिमीटरची होईल. एवढी लांब गाडी पाहून मुले चकित होतील, कारण नुसत्या नजरेने केलेल्या गाडीत चाके मोठी आणि गाडी आखूड होते.

सातवीच्या मुलांना गुणोत्तर आणि आठवी-नववीच्या मुलांना घनफळ यातून शिकवता येईल. एक गट १:२० ची बस करेल, तर दुसऱ्याने त्याच प्रमाणात मोटारसायकल करावी. दोन्ही शेजारी ठेवल्या की माप बरोबर आहे का ते दिसेल. पुढच्या विज्ञान प्रदर्शनात प्रतिकृतीसमोर तिचे प्रमाण लिहिलेली चिठ्ठी आणि मापांची वही ठेवायला सांगावे. परीक्षकांनी आधी वही उघडावी.