हँडलपासून सेल्फपर्यंत

मोटारीच्या एंजिनाला पहिली गति देणाऱ्या यंत्राचें शास्त्रीय नांव स्टार्टर मोटर. पण आपल्याकडे मालकापासून क्लीनरपर्यंत सर्वजण त्याला 'सेल्फ' म्हणतात. मूळ इंग्रजी शब्द 'सेल्फ-स्टार्टर' असा होता. त्याचा उत्तरार्ध आपल्या लोकांनीं टाकून दिला आणि 'स्वतः' एवढाच अर्थ ठेवला. मला हें नांव फार समर्पक वाटतें. कारण ज्या गाडीला सेल्फ नसे, ती चालू करण्यासाठीं दुसऱ्या कोणाला तरी हात मोडून घ्यावा लागे. येथें हात मोडणें हा वाक्प्रचार नव्हे. माझे थोरले चुलते, ज्यांना आम्ही तात्या म्हणतों, त्यांचें उजवें मनगट असेंच मोडलें, आणि आजच्या भाषणाला निमित्तही तेंच मनगट आहे.

तात्या १९५७ सालीं, वयाच्या सोळाव्या वर्षीं, बीडहून नगरला जाणाऱ्या एका मालमोटारीवर क्लीनर म्हणून लागले. आमच्या जिल्ह्यांत मोटारीला जें महत्त्व होतें तें मुंबई-पुण्याच्या श्रोत्यांना सहज उमजणार नाहीं. परळीला आगगाडी होती. परंतु खुद्द बीड शहराला पहिली आगगाडी दिसली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजीं. तोंपर्यंत माणूस असो कीं कापसाचा गठ्ठा असो, त्याला रस्त्यावांचून गति नव्हती. जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होता, आणि त्या राज्यांत जून १९३२ मध्यें रेल्वे खात्यानेंच २७ बसगाड्या घेऊन मोटार-वाहतूक सुरू केली होती. म्हणजे रुळांची उणीव मोटारींनीं भरून काढावी ही कल्पना आमच्याकडे जुनीच.

तात्यांच्या मालमोटारीला सेल्फ होता. पण बॅटरी मरतुकडी. म्हणून पहाटेचें पहिलें काम क्लीनरचें. हँडल मारण्याची त्यांनीं मला शिकविलेली रीत अशी: हँडल खालून वर ओढावें, वरून खालीं दाबूं नये, आणि आंगठा चार बोटांच्या बाजूलाच ठेवावा, पलीकडून वळवून मूठ आवळूं नये. कारण पेट्रोलच्या एंजिनांत ठिणगी वेळेपूर्वीं पडली तर एंजिन उलटा झटका देतें. बोटें नुसतीं अडकविलेलीं असलीं तर हँडल निसटून जातें. मूठ आवळलेली असली तर तें मनगट घेऊन जातें. तात्यांना ही रीत पूर्ण ठाऊक होती. पण मार्गशीर्षांतील थंडी, बधिर झालेलीं बोटें, आणि एका सकाळीं आंगठा पलीकडे गेला. तें मनगट आज अडुसष्ट वर्षांनंतरही पुरतें वळत नाहीं.

आतां थोडा इतिहास. असे हात जगभर मोडत होते. फोर्डची प्रसिद्ध 'मॉडेल टी' १९०८ सालीं निघाली तीही हँडलचीच. विजेच्या मोटरनें एंजिन फिरवावें हें अनेकांच्या मनांत होतें. पण जाणत्यांचा हिशेब असा कीं, एवढें एंजिन फिरवावयास मोटरही तेवढीच थोराड लागेल. हा हिशेब चुकीचा ठरविला चार्ल्स केटरिंग या अमेरिकन गृहस्थानें. तो पूर्वीं दुकानांतील गल्ल्याचीं यंत्रें करणाऱ्या कारखान्यांत होता, आणि तेथें त्यानें गल्ल्यासाठीं लहानशी विजेची मोटर योजिली होती. त्या मोटरला दिवसभर राबावयाचें नसतें. क्षणभर जोर लावावा आणि थांबावें. क्षणभरच काम असेल तर लहान मोटरवर तिच्या ऐपतीबाहेरचा भार टाकला तरी ती जळत नाहीं. हीच युक्ति त्यानें मोटारगाडीला लाविली. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांवर विजेचा सेल्फ आला. मॉडेल टीला तो मिळावयास १९१९ साल उजाडलें. सेल्फचें दांतेरी चाक फ्लायव्हीलच्या दांत्यांत शिरून एंजिन पेटतांच आपोआप मागें सरावें, याची एक व्यवस्था व्हिन्सेंट बेंडिक्स यानें केली. त्याचें आडनांव आजही आमच्या गॅरेजांतील पोरें दिवसांतून दहादां घेतात, हा कोणी माणूस होता याची गंधवार्ता नसतांना.

पुढें जवळजवळ पन्नास वर्षें हा सेल्फ वजनदारच राहिला. आंत जाड तांब्याचीं वेटोळीं, भोंवतीं जाड लोखंड, आणि मोटरचा आंस थेट दांतेरी चाकाला जोडलेला. १९६२ सालीं अमेरिकेंतील क्रायस्लर कंपनीनें यांत बदल केला. (सोलापूरचे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमिअर कारखान्यानें कुर्ल्याला आरंभीं ज्या डॉज व प्लिमथ गाड्या जुळविल्या, त्या याच कंपनीच्या.) मोटर लहान घ्यावी, तिला फार वेगानें फिरूं द्यावें, आणि मध्यें दांतेरी चाकांची जोडी घालून साडेतीन फेऱ्यांचा एक फेरा करावा, वेग घटतो तितका जोर वाढतो. विहिरीच्या रहाटाशीं परिचय असलेल्यास हें निराळें सांगावयास नको. पुढें १९८० नंतरच्या दशकांत तांब्याच्या वेटोळ्यांच्या जागीं प्रबळ कायमचे चुंबक आले, आणि सेल्फ आणखी हलका झाला.

तात्यांची गाडी १९८६ सालची डिझेल अँबॅसडर. डिझेल एंजिनांत ठिणगी नसते; हवा वीसपटींहून अधिक दाबली जाते आणि त्या उष्णतेनें इंधन पेटतें. म्हणून तें जोरानें फिरलेंच पाहिजे. जुना सेल्फ थंडींत कण्हत फिरे, एवढी वीज खाई कीं दिवे मंद होत. तात्यांनीं यावर उपाय काढला होता: गाडी नेहमीं उतारावर लावावयाची. परंतु मागल्या पौषांत एका रात्रीं काकूंना दवाखान्यांत न्यावयाचें होतें, नातवानें गाडी अंगणांत सपाटीवर लाविलेली, आणि सेल्फनें नुसती 'टक्' असा आवाज केला. शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर मिळाला म्हणून निभावलें.

मीं नवा हलका सेल्फ बसविण्याचें सुचविलें तेव्हां तात्या म्हणाले, "अरे मास्तर, गाडी जुनी ती जुनी. तिच्यांत नवा जीव कशाला कोंबतोस?" जुन्या गाड्यांचे शौकीनही असेंच म्हणतात, आणि संग्रहांत ठेवावयाच्या गाडीपुरतें तें खरें आहे. पण ज्या गाडीनें रात्रीं-अपरात्रीं माणूस न्यावयाचा, तिला हा न्याय लावूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे.

बीडच्या मिस्त्रीनें पुढें जें केलें तें पाहण्यासारखें होतें. त्यानें दोन्ही सेल्फ फळीवर शेजारीं ठेविले: जुना दोन्ही हातांनीं उचलावा लागे, नवा एका तळहातावर राही. मग त्यानें दांते मोजले, त्यांची जाडी फ्लायव्हीलच्या दांत्यांशीं ताडून पाहिली, फिरण्याची दिशा तपासली. त्यानें सांगितलेली एक गोष्ट मला नवी होती. फार जुन्या पुष्कळ ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचें धन टोंक सांगाड्याला जोडलेलें असे. वेटोळ्यांच्या जुन्या सेल्फला त्याचें कांहीं वाटत नाहीं, कारण जोडणी उलटली तरी तो त्याच दिशेनें फिरतो. पण चुंबकाचा नवा सेल्फ अशा गाडीला तसाच जोडला तर उलटा फिरेल. आमच्या गाडीला ही अडचण नव्हती. पहिल्या खेपेस सेल्फ किंचाळला. दांतेरी चाक अधिक खोल शिरत होतें. मिस्त्रीनें मध्यें पातळ पत्र्याची चकती घातली, आणि आवाज निवळला.

आतां गाडी नातू चालवितो, पण चावी तात्याच फिरवितात, तीही त्या मोडक्या उजव्या हातानें. पहिल्या दिवशीं एंजिन इतक्या चटकन पेटलें कीं त्यांनीं चावी पुन्हा बंद करून दुसऱ्यांदा फिरवून पाहिली. जुना सेल्फ तेल लावून, गोणपाटांत गुंडाळून माळ्यावर ठेविला आहे. गाडी मात्र तात्या अजून उतारावरच लावावयास सांगतात.